मित्रासोबत समुपदेशकांकडे

आज एका जुन्या मित्रासोबत समुपदेशकांकडे गेलो होतो. जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची मद्यपान-चाचणी त्याने निमूटपणे सोडवली. ४० पैकी ८ किंवा अधिक गुण आले तर पिणे धोक्याचे मानतात, आणि त्याचे गुण त्याहून बरेच वर होते. तरीही तो डगमगला नाही. मात्र समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये मांडलेली आत्मसन्मानाविषयीची १० विधाने समोर आली, तेव्हा स्वतःविषयी समाधानी असण्याच्या विधानापाशी तो कितीतरी वेळ थांबला.

आत्मसन्मान कमी असलेला प्रत्येक जण दारूकडे वळतोच असे नाही. ताणाला सामोरे जायची सवय कशी लागली आहे, यावरही बरेच अवलंबून असते. अडचण टाळण्याची सवय असलेल्याला दारू घटकाभर दिलासा देते, पण झोप बिघडते, नशा उतरताना अस्वस्थता वाढते, अडचण तशीच राहते आणि प्यायल्याच्या अपराधभावाने स्वतःविषयीचे मत आणखी खालावते; मग हात पुन्हा ग्लासाकडे जातो. (बरीच वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडणे जिवावर बेतू शकते, म्हणून डॉक्टरांची देखरेख आवश्यक असते.)

‘तुझ्यात इच्छाशक्तीच नाही,’ असे आम्ही मित्र त्याला वर्षानुवर्षे ऐकवत आलो, आणि तो स्वतःविषयी आधीपासून तेच मानत होता, याचे मला आज फार वाईट वाटले.

परतताना त्याने कित्येक महिने टाळलेला एक फोन लावला. मी थोडा दूर जाऊन उभा राहिलो.