गेटाचा बोल्ट

रत्नागिरीत मांडवीजवळ राहायचं म्हणजे गेटाची बिजागरी दर दोन-तीन वर्षांनी एक बोल्ट खाणार, हे धरूनच चालायचं. गेल्या मे महिन्यात पाना लावला तर तो बोल्टावर नुसताच फिरला. डोक्याचे कोपरे गंजून गोल झाले होते. घासलेट ओतलं, ठोकलं, शेवटी छिन्नीने डोकंच उडवलं. आत आटे कसले, चिरोट्यासारखे तांबूस पापुद्रे!

सुट्टीला आलेल्या भाच्याने मोटरसायकलच्या सामानातून एक राखाडी बोल्ट आणि नट काढला. "मामा, हा टायटॅनियमचा लाव. गंजायचा नाही."

हातात घेतला तर वजनच लागेना. पोलादाची घनता घन सेंटीमीटरला ७.८ ग्रॅम, याची साडेचार. चांगल्या मिश्रधातूचा असेल तर ताकदीला आपल्या ८.८ शिक्क्याच्या पोलादी बोल्टाला भारी (हा शिक्का म्हणजे ताकदीची प्रत), त्याहून वरच्या १२.९ वाल्यापुढे मात्र हरतो. हवा लागताच याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ, चिवट थर बसतो, खरवडला तरी पुन्हा धरतो. खाऱ्या वाऱ्याचं म्हणून काही चालत नाही. स्टेनलेस, तेही ३०४ या नेहमीच्या प्रतीचं, इथे वर्षभरात तपकिरी ठिपके घेतं.

भाच्याने किती मोजले ते मी विचारलं नाही. तेवढ्यात पोलादी बोल्टांची पिशवी आली असती, एवढं नक्की.

आमचा फिटर मात्र हरखला नाही. "ग्रीस लावा हो भाऊ, नायतर आटे एकमेकांना धरतील, मग कापूनच काढायला लागेल." खरंच आहे. टायटॅनियमवर टायटॅनियम कोरडं घासलं की जागीच चिकटतं. न गंजणारा बोल्टही अडतोच, फक्त कारण वेगळं.

गंमत म्हणजे हा धातू आमच्या किनाऱ्याला परका नाही. इथल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे एकाच कणात लोखंडही आणि टायटॅनियमही. लहानपणी आम्ही त्या वाळूतून चुंबक फिरवायचो. चिकटायचे ते बहुतेक मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या खनिजाचे कण. उरलेली काळी वाळू आम्ही पायाने उडवून द्यायचो.

पावसाळा गेला. वरच्या बिजागरीचा टायटॅनियमचा बोल्ट बसवला त्या दिवशीसारखाच राखाडी. त्याच्याभोवतीची लोखंडी पट्टी मात्र सोलायला लागली आहे. मिठाच्या ओलीत दोन धातू शेजारी आले की त्यातला सहज गंजणारा, म्हणजे इथे लोखंड, तोच झिजतो, त्यात किती वाटा बोल्टाचा आणि किती समुद्राचा कोण जाणे. खालचा बोल्ट साधा पोलादीच ठेवलाय. गणपतीच्या आधी त्याला ग्रीस फासलं, तेव्हा पान्याने मुकाट्याने सुटला.