घोटाभर पाण्याची नदी

भाचा सिंगापूरमध्ये बिशानला राहतो. "मावशी, संध्याकाळी नदीवर जाऊ," म्हणाला. नदी पाहिली आणि मला हसूच आलं. ही कलांग नदी? आमच्या गावचा ओढा हिच्यापेक्षा रुंद! घोटाभर पाणी, त्यात मांडलेले दगड, दगडांवरून उड्या मारणारी पोरं. दोन्ही बाजूंना मात्र कितीतरी लांबवर उतरतं गवत, आणि त्यापलीकडे सरकारी घरांचे उंच मनोरे. एवढी जागा मोकळी का सोडली असेल?

पूर्वी इथे 2.7 किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा कालवा होता. पार्क एका बाजूला, कालवा दुसऱ्या बाजूला, मध्ये कुंपण. तो फोडून नदीला वळणं दिली आणि 2012 मध्ये 62 हेक्टरांचा हा पार्क नव्याने खुला झाला. आराखडा जर्मनीच्या हर्बर्ट ड्रायझाइटल यांच्या कार्यालयाचा. काठांना भिंत नाही. जिवंत फांद्यांच्या मोळ्या, दगड, कापडात गुंडाळलेली माती असं रचून वर झाडं लावली. मुळांनी माती धरली की काठ पक्का. आधी 60 मीटरच्या तुकड्यावर हे सगळं करून पाहिलं होतं म्हणे. फोडलेलं काँक्रीटही टाकून दिलं नाही, त्याची टेकडी केली. आम्ही तिच्यावर चढून आलो.

उतरून पाण्याजवळ टेकलो, तोच आभाळ भरून आलं. टपोरे थेंब, मग लुकलुकणारे दिवे, मग सायरन. "मावशी, ऊठ, वर चल!" चपला हातात घेऊन मी गवतावरून पळाले. (गुडघे अजून बोलतायत.) वरच्या छपराखालून बघते तर पोरांचे दगड दिसेनात. गढूळ पाणी पसरत पसरत आम्ही बसलो होतो तिथे आलं, तिथून पुढे गवतात शिरलं. भाचा म्हणाला, जोराच्या पावसात पात्र जवळजवळ 100 मीटर रुंद होतं.

तेव्हा त्या मोकळ्या जागेचा उलगडा झाला. ते नदीचंच अंगण होतं, कोरड्या दिवसांपुरतं लोकांना वापरायला दिलेलं. पुण्यात नदीकाठ सुधारायचा म्हटलं की मला आधी भिंतच आठवते. इथे उतार केलाय.

सकाळी मुद्दाम पुन्हा गेले. गवत सगळं एका दिशेला झोपलेलं, काडीकचरा आमच्या कालच्या जागेच्या बराच वर अडकलेला. आणि पाणी? घोटाभर. दगडांवरून एक आजोबा सावकाश पलीकडे निघाले होते, हातात भाजीची पिशवी.