मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर – माझा अनुभव

मानेत उजवीकडे गाठ होती, दुखत नव्हती काही नाही, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पण नॉर्मल, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं की अर्धी थायरॉइड काढून टाकू मग बघू, आणि आम्ही तारीख पण घेतली होती. सुईच्या तपासणीत नुसतं "संशयास्पद" आलेलं. आमचे चुलत दीर लॅबमध्ये आहेत, ते म्हणाले वहिनी, ऑपरेशनच्या आधी रक्तातलं कॅल्सिटोनिन तेवढं करून घ्या. दहाच्या आत हवं ते सहाशेच्या वर आलं!

मग काय, थेट परळला टाटा हॉस्पिटल. तिथे स्लाइड परत तपासल्या, वेगळे स्टेन (रंग) लावून बघितलं आणि मेड्युलरी निघाला. हा थायरॉइडच्या सी पेशींतून होतो, कॅल्सिटोनिन याच पेशी बनवतात. नातेवाईक फोनवर धीर द्यायला सांगायचे की थायरॉइडचा कॅन्सर काय, आयोडीन प्यायलं की बरा. पण या पेशी आयोडीन घेतच नाहीत, म्हणून सगळी भिस्त ऑपरेशनवर, आणि ते पहिल्यांदाच नीट व्हायला हवं.

ऑपरेशनच्या आधी छाती-लिव्हरचा सीटी झाला, नाकातून दुर्बीण घालून "ई म्हणा" करत स्वरयंत्र बघितलं. आणि एक मेटानेफ्रिनची टेस्ट, मानेचा आजार आणि किडनीवरच्या ग्रंथी कशाला तपासतायत कळेना. तर म्हणे हा आजार आनुवंशिक प्रकारचा असेल तर तिथे पण गाठ असू शकते, ती तशीच राहिली तर भूल दिल्यावर बीपी भडकतं, जिवावर बेततं. ते ऐकल्यावर त्या रद्द केलेल्या तारखेची आठवण होऊन ह्यांना घामच फुटला.

अख्खी थायरॉइड, मधल्या आणि उजव्या बाजूच्या लिम्फ नोड्स, सगळं काढलं. आवाज थोडे दिवस घोगरा होता, तो आला परत. त्रास झाला तो कॅल्शियमचा. ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या, बोटं आखडली, रेसिडेंट मॅडमनी कानाच्या पुढे गालावर टकटक केलं तर माझा ओठ आपोआप उडाला, त्या लगेच सिस्टरना म्हणाल्या कॅल्शियम लावा. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड असतात, त्यांना धक्का लागला की असं होतं. सलाइनमधून कॅल्शियम गेल्यावर तासाभरात मुंग्या थांबल्या.

आरईटी जीनची टेस्ट मात्र प्रत्येक मेड्युलरी पेशंटने करावीच, साधारण चारात एकाला हा घरातून आलेला असतो आणि मग मुलांना यायची शक्यता निम्मी. माझी निगेटिव्ह आली. मुलाला काही सांगितलंच नव्हतं तोपर्यंत, बारावी होती त्याची.

आता रोज सकाळी उपाशीपोटी थायरोनॉर्म (थायरॉइड हार्मोनची गोळी), आणि दर सहा महिन्यांनी कॅल्सिटोनिन आणि सीईए (ही पण या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी). कॅल्सिटोनिन खूप उतरलंय पण अगदी शून्याला गेलं नाहीये, डॉक्टर म्हणतात नुसता आकडा नका बघू, तो किती दिवसांत दुप्पट होतो ते बघायचं. सध्या आहे तिथेच आहे. पुढचं सॅम्पल दिवाळीनंतर.