२.७ काय?

भाचीने काल व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. घनतेचं गणित, शेवटी उत्तर २.७, खाली दोन रेघा आणि मेसेज, "मामा बरोबर आहे ना?" आकडा बरोबरच होता, पण २.७ काय? मी फोन लावला आणि पाऊण तास आम्ही त्यावरच बोलत होतो.

प्रयोग तिने मनापासून केला होता. दगड ३२.४ ग्रॅमचा, मोजपात्रात पाणी ५० मिली, दगड दोऱ्याला बांधून हळूच सोडला तर पाणी ६२ वर आलं, म्हणजे आकारमान १२ मिली, म्हणजेच १२ घन सेंटिमीटर. पाणी काचेच्या कडेला थोडं वर चढतं, तिथं वाचायचं नाही, मधल्या खोलगट भागाचा तळ डोळ्याच्या रेषेत आणून वाचायचं, हे तिला माहीत होतं. दगडाला चिकटलेले बुडबुडे मात्र तिने झटकले नव्हते. ते राहिले की आकारमान जास्त दिसतं आणि घनता कमी येते.

तर घनता ३२.४ भागिले १२, म्हणजे २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. हेच किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये २७०० होतं, आणि इथंच बहुतेक मुलं अडकतात कारण एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर एवढंच डोक्यात असतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच खोका डोळ्यासमोर आणा, त्यात १०० गुणिले १०० गुणिले १०० म्हणजे १० लाख घन सेंटिमीटर बसतात. प्रत्येकाचे २.७ ग्रॅम धरले तर २७ लाख ग्रॅम, म्हणजे २७०० किलो. नुसतं २.७ लिहिलं आणि कुणी ते किलो प्रति घनमीटर समजून वाचलं तर तो दगड हवेच्या जेमतेम सव्वादोन पट जड ठरेल!

एकक सोडायची सवय मला वाटतं पाण्यामुळे लागते. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये ग्रॅम ठरवला तोच एक घन सेंटिमीटर पाण्यावरून, त्यामुळे पाण्याची घनता १ येते, लिटर म्हणजे किलो असं आपण बिनधास्त धरतो आणि पाण्यापुरतं ते चालूनही जातं.

इंधनाला चालत नाही. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ मॉन्ट्रियलहून एडमंटनला निघालं होतं. इंधनाचा गेज बंद, म्हणून टाकीत आधीच असलेलं इंधन पट्टीने मोजलं, ते ७६८२ लिटर निघालं. हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला घनतेने गुणायचं, ती साधारण ०.८ किलो प्रति लिटर, पण वापरली १.७७, जी पौंड प्रति लिटर होती. गुणाकार १३,५९७ आला, तो सगळ्यांनी किलो समजला आणि वरून ५ हजार लिटरसुद्धा भरलं नाही, खरं तर २० हजारांच्या आसपास भरायला पाहिजे होतं. वाटेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर चालवायचा अनुभव होता, त्यांनी विमान तरंगत नेऊन गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, आणि सगळे वाचले.

भाचीला मी तोच गुणाकार एककांसकट लिहायला लावला. लिटर गुणिले पौंड प्रति लिटर, लिटर लिटर कटले, उरले पौंड. ती म्हणाली, "अरे मग दिसतंय की!" हो, कागदावर एकक असलं की दिसतं.

आता रविवारी मेणाच्या तुकड्याची घनता काढायची ठरलीय. मेण पाण्यात बुडत नाही, म्हणून त्याला तोच दगड बांधायचा आणि येईल त्या आकारमानातून दगडाचे १२ घन सेंटिमीटर वजा करायचे. बुडबुडे झटकून.