आधी लाफ्टर उतरू दे

स्टीव्ह मार्टिन आणि मार्टिन शॉर्ट या दोन विनोदी नटांचा नेटफ्लिक्सवरचा शो मी आत्तापर्यंत चार-पाच वेळा तरी बघितलाय, पण मागच्या रविवारी बाबांबरोबर बघितला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जातच नाहीये, म्हणून आज सुट्टी आहे तर लिहूनच काढते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शो २०१८ ला आला, नाव 'अॅन ईव्हनिंग यू विल फरगेट फॉर द रेस्ट ऑफ युवर लाइफ', म्हणजे आयुष्यभर विसरून जाल अशी संध्याकाळ. साउथ कॅरोलिनात ग्रीनव्हिल म्हणून शहर आहे, तिथल्या पीस सेंटरला शूट केलाय. शो आला तेव्हा स्टीव्ह ७२ चा, मार्टी म्हणजे मार्टिन शॉर्ट ६८ चा. खुर्च्या, पियानो, मधेच स्टीव्ह बँजो हे तंतुवाद्य घेऊन येतो, त्याच्याबरोबर स्टीप कॅन्यन रेंजर्स हा ब्लूग्रासवाला, म्हणजे अमेरिकन लोकसंगीताच्या ढंगाचा बँड, आणि बाकीचा वेळ दोघं एकमेकांची टोपी उडवतायत. हॉटस्टारवर 'ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग' बघितलेल्यांना ही जोडी माहितीय, पण ती सिरीज २०२१ ची, ओळख १९८६ च्या 'थ्री अमिगोज' सिनेमापासूनची. त्या सिनेमाच्या वेळी मार्टी पहिल्यांदा स्टीव्हच्या घरी गेला, भिंतींवर एकेक भारी पेंटिंग, आणि याने काय विचारावं, तर तू एवढा श्रीमंत झालास कसा, कारण मी तुझं काम बघितलंय! पहिल्या भेटीत! हा किस्सा तो खूप ठिकाणी सांगतो. मी बाबांना सांगितला तर म्हणाले, "मग काय, जोडी तिथंच जमली."

आता मला यात एवढं काय वाटतं ते सांगते. स्टीव्ह मार्टिन हा एके काळी अमेरिकेतला सगळ्यात मोठा स्टँडअप कॉमेडियन होता, आणि त्याने ते १९८१ ला सोडून दिलं, पस्तिशीत, एकदम टॉपला असताना. त्याने स्वतःच्या आठवणींच्या पुस्तकात हिशोब मांडलाय, १८ वर्षं स्टँडअप केलं, त्यातली १० शिकण्यात गेली, ४ घासूनपुसून घेण्यात आणि ४ वर्षं तुफान यश. ते यश कसलं, तर ६३ दिवसांत ६० शहरं. ओहायोत रिचफिल्ड कोलिझियम म्हणून होतं तिथे एका रात्रीत १८,६९५ माणसं. तो पांढरा सूट घालायचा ना, तोही लांबच्या माणसाला आपण दिसावं म्हणून. विचार करा, विनोद करणारा माणूस, ज्याचं सगळं काम भुवई किती उचलायची आणि कुठे गप्प राहायचं यावर, त्याला लांबून दिसण्यासाठी कपड्याचा रंग निवडावा लागतोय. लोक त्याची वाक्यं त्याच्याआधीच ओरडायचे. आणि शो संपला की हॉटेलच्या खोलीत एकटा. पुस्तकातला हा एकटेपणाचा भाग वाचताना माझ्या पोटात तुटलं होतं, घाबरल्यासारखं व्हायचं ते पण त्याने स्पष्ट लिहिलंय.

नंतर सिनेमे केले, लिहिलं, बँजो वाजवून ग्रॅमी मिळवलं, पण विनोद करायला स्टेजवर उभं राहण्यापासून तो लांबच राहिला. आणि परत आला तो सत्तरीच्या आसपास, पण यावेळी शेजारी मार्टी. एका कॉमेडी फेस्टिव्हलला दोघांना स्टेजवर बसवून एकमेकांशी गप्पा मारायला सांगितल्या होत्या, त्यातून हे सुरू झालं आणि मग थांबलंच नाही, थिएटरं घेत शहराशहरात फिरतायत. माझं म्हणणं एवढंच आहे की जे एकट्याला झेपेना ते त्याला दोघांत झेपलं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण स्टँडअप म्हटलं की आपण एक माणूस आणि एक माइक एवढंच बघतो.

मार्टी तसा अस्सल स्टँडअपवाला नाही. कॅनडातल्या हॅमिल्टनचा, तिकडच्या 'एससीटीव्ही'त आणि मग न्यूयॉर्कच्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'ला, म्हणजे टीव्हीवरच्या कॉमेडी शोजमध्ये, स्केचेस करणारा, गाणारा, ब्रॉडवेवर नाटकासाठीचा टोनी पुरस्कार मिळवलेला. त्याच्या अंगात नुसती वीज आहे. स्टीव्ह बरोबर उलटा, थंड.

तर रविवार. बाबा एसटीत होते, आणि डेपोच्या गणपतीत ते आणि त्यांचे वर्कशॉपमधले मित्र, आमचे काका, दोघं मिळून बतावणीच्या अंगाने एक आयटम करायचे. गवळण नाही, वग नाही, नुसती मधली बतावणी, एकाने सरळ विचारायचं आणि दुसऱ्याने वाकडं उत्तर द्यायचं. चौदा-पंधरा वर्षं केलं. मी लहानपणी ते सतरंजीवर पुढे बसून बघितलंय. बाबांना इंग्लिश जेमतेम कळतं, म्हणून मी सबटायटल लावून दिली, पण सबटायटल वाचायची तर चेहरा बघायचा राहतो, ते वैतागले. दहा मिनिटांनी म्हणाले, "ती अक्षरं काढ. आणि आवाज बंद कर."

मी म्हटलं अहो बाबा, आवाज बंद करून कॉमेडी कशी बघणार?

"कर तर खरं."

केला बंद. आणि आम्ही खरंच पंधरा-वीस मिनिटं तसंच बघितलं, मूकपट बघावा तसं. मार्टी बोलतोय, हातवारे करतोय, आणि बाबा टीव्हीजवळ खुर्ची सरकवून फक्त स्टीव्हकडे बघतायत. मार्टीने काहीतरी लावलं, बहुतेक त्याच्या दिसण्यावरून, आणि स्टीव्ह काहीच करत नाही. हात खाली, मान सरळ, चेहऱ्यावर रेघ हलत नाही. बाबांनी माझ्या हातातून रिमोट घेतला, मागे नेलं, परत लावलं. "बघ आता. तो थांबलाय बघ. त्याला बोलायचंय, ओठ हलला, पण लोक हसतायत म्हणून गिळलं. आता लाफ्टर उतरायला लागला... आत्ता बोलेल." आणि स्टीव्ह बोलला. बाबांनी आवाज नसताना सांगितलं! मग म्हणाले, "समोरच्याचं लाफ्टर न खाणं हे सगळ्यात अवघड काम आहे. आपलं वाक्य तोंडात तयार असतं गं. पण आधी त्याचा लाफ्टर उतरू द्यायचा."

मी चार वेळा बघितलं आणि प्रत्येक वेळी मार्टीकडे बघत होते. त्याचाच चेहरा सारखा हलतो, मग बघणार दुसरं काय. पण ज्या माणसाने एकेकाळी अठरा हजारांचं हसणं एकट्याने अंगावर घेतलं तो इथे मुकाट उभा राहून मित्राला हशा मिळवून देतोय, हे बाबांनी रिमोट हातात घेतला नसता तर मला कळलंच नसतं. थोड्या वेळाने पारडं फिरतं, आता मार्टी गप्प आणि स्टीव्ह बोलतोय. एका ठिकाणी तर मार्टी बॅगपाइप होतो आणि स्टीव्ह त्याला वाजवतो, अक्षरशः वाद्य म्हणून, सगळे आवाज मार्टीच्या तोंडून. तिथे मात्र बाबांनी आवाज चालू करायला सांगितला आणि इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. सत्तरीच्या घरातला माणूस दुसऱ्याच्या हातातलं वाद्य व्हायला तयार आहे, त्याला किती विश्वास लागत असेल.

आपल्याकडे एकपात्रीचं केवढं कौतुक, आणि ते योग्यच आहे, प्रा. लक्ष्मण देशपांडे एकटे ५२ पात्रं उभी करायचे, ते करायला छाती लागते. पण मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर तिघं मिळून गावोगाव कथाकथन करायचे, त्यात एकाने वाचून, सांगून हशा घेतला की त्याच तापलेल्या लोकांसमोर दुसऱ्याने उभं राहायचं, याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही. बाबांनी ते तिघे ऐकलेत. म्हणाले, दुसऱ्याच्या कथेला बाकीचे दोघं मागे बसून मनापासून हसायचे, ते बघून पण बरं वाटायचं.

स्टीव्ह आणि मार्टीच्या पुढच्या शोजची नावं पण बघा. एकाचं 'नाऊ यू सी देम, सून यू वोंट', आत्ता दिसतायत, लवकरच दिसणार नाहीत. दुसऱ्याचं 'यू वोंट बिलीव्ह व्हॉट दे लुक लाइक टुडे'. वय झालंय हे त्यांनी थेट तिकिटावर छापलं. दुसऱ्या नावाचा अर्थ सांगितल्यावर बाबा हसले नाहीत, नुसती मान हलवली.

शो संपल्यावर त्यांनी काकांना फोन लावला. काका आता नाशिकला मुलीकडे असतात, गुडघे गेलेत, जिने होत नाहीत. स्पीकरवर होतं म्हणून मला सगळं ऐकू आलं. बाबा काही सांगायच्या आधीच काका म्हणाले, "काय रे, एवढ्या रात्री? तिकीटमास्तरचा पार्ट विसरलास काय?" आणि मग दोघं सुरूच झाले, कुठल्या वर्षी कोणी कोणाचं वाक्य खाल्लं, पेटीवाला कसा मधेच उठून गेला, लाइट गेली तर कंदिलावर कसं केलं, अर्धा तास. एकदा काका हसता हसता खोकायला लागले, तर बाबा गप्प बसले, खोकला थांबेपर्यंत, आणि मग पुढचं वाक्य टाकलं.

येत्या शनिवारी आम्ही नाशिकला चाललोय. मी टॅबवर शो डाउनलोड करून घेतलाय. बाबांनी बजावून ठेवलंय की काकांना पहिली वीस मिनिटं आवाज बंद करूनच दाखवायची.