झेब्रा फिंच अपडेट: संशय आता डिमरवर

माझ्या झेब्रा फिंच (पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पक्षी) जोडीतल्या तांबड्या रिंगवाल्या मादीने हाही क्लच, म्हणजे एका वेळची अंडी, उबवणं अर्ध्यावर सोडलं. कँडलिंगला, म्हणजे अंड्यामागे दिवा धरून बघताना, आतल्या शिरा लख्ख दिसत होत्या, म्हणजे अंडी फळलेली; तेव्हा नराकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. मागच्या वेळी नर बदलायचं ठरवलं होतं, ते रद्द. झेब्रा फिंचची जमलेली जोडी तोडली की कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक चढतं, पुन्हा एकत्र आणली की उतरतं, हे मोजून झालंय. आगीत तेल कशाला?

धागा सापडला तो इन्फ्रारेड कॅमेऱ्यात. संध्याकाळी डिमर उजेड उतरवू लागला की मादी घरट्याच्या बॉक्सच्या तोंडाशी येते, पिसं अंगाला घट्ट चापते, मान ताणते आणि थेट बाहेर. मग अंधारात जाळीवर फडफड, आणि अंडी गार. दिवसभर मात्र ढिम्म बसलेली असते. डिमर लावला होता तो नाईट फ्राईट, म्हणजे अंधारात घाबरून होणारी फडफड, टाळायला!

मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये बघितलं तर उजेड मंद होताना पडद्यावर पट्टे धावतात. आपल्या डोळ्यांना दिवा स्थिर. पण निळ्या टिटसारख्या लहान पक्ष्यांना सेकंदाला 100 हून जास्त वेळा होणारी लुकलुकही कळते. स्वस्तातले बरेच डिमर उजेड कमी करतच नाहीत, दिवा भराभर चालू-बंद करतात. खोक्यावरच्या 'फ्लिकर फ्री'ला माझ्या लेखी किंमत शून्य.

एकदा दचकली म्हणून कोणी अंडी सोडत नाही. थोडा वेळ चढलेलं कॉर्टिकोस्टेरॉन पक्ष्याला वाचवतंच. रोज तेच झालं तर पंचाईत. किटीवेक या समुद्रपक्ष्यांना बाहेरून कॉर्टिकोस्टेरॉन दिल्यावर प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरक घसरलेलं दिसलंय, आणि अंड्यांवर बसून राहायची ओढ टिकते ती प्रोलॅक्टिनवर. हिच्यातही तेच होत असावं, हा माझा अंदाज. रक्त तपासायचं तर पकडल्यापासून 3 मिनिटांत नमुना हवा, नाहीतर पकडल्याचाच ताण मोजला जातो. घरी ते नकोच. दांडीखाली काटा लावून वजनावर नजर ठेवतोय.

दुसऱ्या खोलीत डिमर नाही, आणि तिथल्या फॉन (फिकट तपकिरी रंगाच्या) जोडीची पिल्लं बॉक्सबाहेर आली! चोची अजून काळ्या, भूक राक्षसी.

चांगला ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) मागवणार होतो, पण लिहितालिहिता वाटलं, डिमर हवाच कशाला? छोटे दिवे लावून एकेक विझवायचा. बॉक्ससमोरचा सगळ्यात शेवटी, म्हणजे बाहेर राहिलेलीला परत शिरता येईल. तोवर बॉक्स काढलाय, मादीला कटलबोन (कॅल्शियमसाठी) आणि सुट्टी. तुमच्याकडे डिमर असेल तर मंद उजेडातला स्लो मोशन व्हिडिओ टाका, मॉडेलसकट.