तुम्ही विचारलंत म्हणून: कन्नडमधले अर्ज

"मराठी असून तुम्ही आपल्या बायकांचे अर्ज कन्नडमधून का भरून देता?" कर्नाटकातल्या मराठीभाषक खानापूर-निपाणी भागातल्या बैठकांत हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि त्यामागचा आरोप मला ऐकू येतो.

बायकांसोबत सरकारी कचेऱ्यांत जाण्याच्या या कामाची पहिली काही वर्षे मीही हेच विचारत असे. राज्यघटनेच्या ३५०व्या अनुच्छेदानुसार गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात, हेही मान्य झालेले आहे. म्हणून कन्नड समजत असूनही सरकारी खिडकीसमोर ते बोलायचे नाही, असे मी ठरवले होते.

मग एकदा खानापूर तालुक्यातल्या एका बाईला घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेले. तिच्या दंडावर आणि पाठीवर वळ होते. डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हते आणि मी माझ्या निश्चयाला धरून गप्प होते, तेव्हा कन्नड शाळेत सहावीत शिकणारी तिची मुलगी दुभाषी झाली. "गंडा होडितानेन्री?" नवरा मारतो का, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले. मुलीने क्षणभर खाली पाहिले आणि आईला म्हणाली, "आई, कुठं पडलीस काय, म्हणून इचारतायत." आईने मान हलवली. मुलीने कन्नडमधून सांगितले की, आई विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली. केसपेपरवर तेच लिहिले गेले. मला प्रश्न कळला होता, उत्तर कळले होते, आणि बापाला वाचवायचे की आईला हे अकरा वर्षांच्या पोरीवर सोपवून मी बाकावर बसून होते. पुढे पोटगीच्या दाव्यात तोच केसपेपर त्या बाईच्या विरोधात वाचला गेला.

त्या दिवसानंतर मी कन्नड बोलू लागले, अर्ज लिहू लागले, आणि मुलांना दुभाषी करणे पूर्ण बंद केले. यात मी चूक केली असे मला वाटत नाही. तरीही तुमचे म्हणणे खोडून काढणे मला जमत नाही: मी जितके अर्ज नीट कन्नडमधून भरून देते, तितकी मराठी नमुना छापण्याची गरज कचेरीला कमी वाटते, आणि ज्या गावात माझ्यासारखे कोणी पोहोचत नाही तेथली बाई अंगठा उठवून परत जाते. जुनी मी हेच बजावत असे. तिचे ते म्हणणे आजही खोटे ठरलेले नाही.

म्हणून हल्ली प्रत्येक कन्नड अर्जासोबत त्याच मजकुराचे मराठी निवेदन मी जोडते, आणि त्यावरही आवक शिक्का मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलत नाही.